‘गो’, ‘वेंट’ आणि ‘गेला’

इंग्रजीतील ‘गो’ या क्रियापदाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन विधानांत आटोपला जातो. ‘गो’ म्हणजे संस्कृतातील ‘गम्’, हे पहिले. आणि त्याचे भूतकाळी रूप ‘वेंट’ हे अनियमित आहे, हे दुसरे. पहिले विधान चुकीचे आहे. दुसरे चुकीचे नाही, परंतु त्याने बोध असा काहीच होत नाही.

‘गम्’चे इंग्रजीतील सगोत्र क्रियापद ‘गो’ नव्हे, ‘कम’ होय. मूळ भाषेतील ज्या व्यंजनाचा संस्कृतात ‘ग’ झाला, त्याचे जर्मानिक शाखेत ग्रिमच्या नियमानुसार ‘क्व’ झाले. गॉथिकमधील ‘क्विमन्’ याची साक्ष देते. ‘गो’चा संबंध जोडावयाचा तर तो ‘जिहीते’ हे रूप ज्याचे आहे त्या ‘हा’ धातूशी जोडला जातो. नादसाम्यासारखा मधुर आणि बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

आता ‘वेंट’. प्राचीन इंग्रजीत ‘गान्’चे भूतरूप ‘एओदे’ असे होते आणि तेही परक्या धातूचेच होते. मध्य इंग्रजीत ते झिजून ‘येदे’, ‘योदे’ असे झाले. याच काळात ‘वळणे’ या अर्थाचे ‘वेंड’ हे क्रियापद ‘जाणे’ या अर्थानेही चालत होते. ‘सेंड’चे जसे ‘सेंट’, तसे ‘वेंड’चे ‘वेंट’. इ. स. १५०० च्या सुमारास दक्षिणेकडील इंग्रजीत या ‘वेंट’ने ‘येदे’ची जागा घेतली, बिचाऱ्या ‘वेंड’ला मात्र स्वतःसाठी ‘वेंडेड’ हे नवे रूप घडवून घ्यावे लागले. उत्तरेस, स्कॉटलंडच्या बोलीत, निराळेच घडले. तेथे ‘गे’ या रूपापासून सरळ ‘गेड’ असे नियमित भूतरूप सिद्ध झाले.

हेर्मान ओस्टहोफ यांनी १८९९ साली अशा भिन्नधातुक रूपांची मीमांसा करताना म्हटले की, माणसाच्या निकटच्या अनुभवातील शब्दांतच हा प्रकार आढळतो. निरीक्षण मार्मिक आहे. कारण म्हणून ते अपुरे पडते. ‘जाणे’ ही क्रिया दक्षिणेस जेवढी निकटची, तेवढीच ती उत्तरेसही असणार! अतिवापराने विषम रूपे टिकतात, हे अलीकडचे उत्तरही अर्धेच आहे. ‘एओदे’ काय थोडे वापरात होते? तरी ते गेले. वापर रूपास राखतो. परंतु झिजलेल्या रूपाच्या जागी कोणते बसावे, हे त्या वेळी शेजारी कोणते समानार्थी क्रियापद उभे आहे यावरही अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘अनियमित’ या लेबलावर आपण समाधान मानावे, याचे आश्चर्य अधिक वाटते ते पाणिनीमुळे. ‘जाणे’ या अर्थाच्या ‘इ’ धातूच्या जागी लुङ्‌मध्ये ‘गा’ हा आदेश होतो, असे सांगून त्याने या घटनेस स्थान आणि नाव दोन्ही दिली होती. मराठीत तर ती रोज आपल्या तोंडी आहे. ‘जातो’, ‘जाईन’ ही रूपे ‘या’ धातूची, आणि ‘गेला’ हे ‘गत’पासून, म्हणजे ‘गम्’चे. तेव्हा ‘गेला’चे इंग्रजीतील नाते ‘वेंट’शी नसून ‘केम’शी आहे. ‘जा’चा तेथील आप्त शोधावयाचा, तर ‘या’ हा ‘इ’चाच विस्तार असल्याने आणि बहुतेक अभ्यासक ‘एओदे’ही त्याच मुळाशी नेत असल्याने, तो इंग्रजीने पाचशे वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या त्या ‘एओदे’तच सापडतो.