पट्ट्यांचे सामर्थ्य आणि वॉल्टर काउफमान

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे आकुर्डी, चिंचवड आणि भोसरीच्या माळांवर एकामागून एक कारखाने उभे राहिले, आणि कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून पोटासाठी आलेली माणसे त्यांच्या आसपास वसाहती करून स्थिरावली. त्या वसाहतींत पहिल्या पाळीची धांदल सुरू होण्यापूर्वी घराघरांतील रेडिओवर जी धून वाजत असे, ती कोणी रचली असेल, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर व्हायोलिनचे मोजके स्वर, शिवरंजनीच्या अंगाने उमटणारे आणि पुरते खुलण्याआधीच थांबणारे, एवढाच तिचा विस्तार. त्या धुनेचे कर्तृत्व ज्यांच्याकडे दिले जाते ते वॉल्टर काउफमान हे युरोपीय परंपरेतील स्वरकार होते, त्यांनी आपल्या उमेदीची बारा वर्षे मुंबईत काढली, आणि पियानो व वाद्यवृंद यांच्यासाठी त्यांनी ज्या विस्तृत रचना केल्या त्या आता कुठे ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे जगापुढे येऊ लागल्या आहेत. या रचनांकडे मराठी रसिकाने परक्या घरचे वैभव म्हणून पाहू नये, आपल्या संगीतव्यवहाराचे एक न उलगडलेले दप्तर म्हणून पाहावे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

काउफमान यांचा जन्म 1907 साली बोहेमियातील कार्ल्सबाद येथे, म्हणजे आजच्या कार्लोव्ही व्हारी येथे, एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास पूर्णत्वास नेला, परंतु आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे नाझी युवकसंघटनेचे पुढारी आहेत असे कळताच त्यांच्या हातून पदवी स्वीकारण्यास त्यांनी साफ नकार दिला. 1934 साली ते मुंबईस आले. चित्रपटनिर्माते मोहन भवनानी यांचा पूर्वपरिचय कामी येऊन त्यांना चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचे काम मिळाले. त्याच सुमारास त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली, आणि तिच्या नियमित बैठकींत मेहली मेहता हे व्हायोलिन वाजवीत असत. 1937 पासून 1946 पर्यंत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील युरोपीय संगीताचे खाते काउफमान यांच्या ताब्यात होते. निर्वासिताच्या वाट्याला येणारी उपेक्षा आणि परवशता त्यांच्या वाट्याला आली नसेल असे नाही, पण हाती आलेले प्रत्येक काम त्यांनी रचनाकाराच्या निष्ठेने केले, हे त्यांच्या त्या काळच्या कृतींच्या यादीवरूनच दिसते.

भारतीय संगीताशी त्यांची पहिली भेट सुखाची झाली नाही. मुंबईत आल्यावर त्यांनी ज्या ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकल्या त्या त्यांना सर्वथा अनाकलनीय वाटल्या. तरीही ज्या संगीतावर कोट्यवधी माणसे प्रेम करतात ते संगीत निरर्थक असणे शक्य नाही, उणीव असलीच तर ती आपल्या श्रवणात असली पाहिजे, असा निष्कर्ष काढून ते पुन्हा ऐकावयास बसले. ही वृत्ती मला त्यांच्या सर्व कर्तृत्वाची किल्ली वाटते. विष्णू नारायण भातखंडे 1936 साली मुंबईतच निवर्तले, म्हणजे दोन वर्षे ही दोन माणसे एकाच शहरात होती. आणि काउफमान यांनी 1968 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या उत्तर हिंदुस्थानी रागांवरील बृहद्ग्रंथात रागांची मांडणी भातखंड्यांच्या दहा थाटांनुसारच केलेली आहे. वाळकेश्वरच्या एका मराठी वकिलाने उभारलेली चौकट अशा प्रकारे एका युरोपीय स्वरकाराच्या हातून इंडियाना विद्यापीठात पोचली, आणि आपल्याकडील संगीतसमीक्षेने याची दखल घेतल्याचे फारसे दिसत नाही.

आता प्रत्यक्ष रचनांकडे वळू. कॉन्चेर्टो हा प्रकार मराठी वाचकास ऐकून माहीत असतो; एक वादक आणि त्याच्यासमोर पन्नास-साठ वादकांचा वृंद, कधी संवाद, कधी स्पर्धा, आणि एखाद्या ठिकाणी सारा वृंद थांबून एकट्या वादकाला आपले सारे कौशल्य मांडण्यास दिलेली मोकळीक, असे त्याचे ढोबळ स्वरूप. काउफमान यांनी पियानोसाठी असे अनेक कॉन्चेर्टो लिहिले. त्यांपैकी तिसरा, जो त्यांनी भारत सोडल्यानंतर कॅनडातील वास्तव्यात रचला, तो एलिसावेता ब्लुमिना यांनी बर्लिनच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबर डेव्हिड रॉबर्ट कोलमन यांच्या संचालनाखाली अलीकडेच ध्वनिमुद्रित केला आहे, आणि त्याच मुद्रिकेत त्यांची भारतीय सिंफनीही आहे. त्याआधी 2020 साली टोरांटोच्या एआरसी आँसाम्ब्ल या वादकसमूहाने त्यांच्या लहान वृंदासाठीच्या रचनांची मुद्रिका काढली, तेव्हापासून या नावाकडे जगाचे लक्ष वळले. मुंबईतील अमृत गंगर यांनी त्यांच्या भारतातील वर्षांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले ते त्याहूनही आधी, 2013 साली.

तिसरा कॉन्चेर्टो ऐकताना भारत शोधणाऱ्याची निराशा होणे शक्य आहे, आणि ती होऊ द्यावी. त्याच्या नावात भारत नाही, आणि एखाद्या रागाचे उसने अलंकार घालून तो आपल्यासमोर येत नाही. त्यात आहे तो वेग, बोटांची चपळाई मागणारे लेखन, आणि लयीवरचा असा भर, की सुरावटीपेक्षा आघातांची रचनाच संगीताला पुढे नेते आहे असे वाटावे. पियानो हे मूलतः आघाताचे वाद्य आहे. तार छेडली न जाता हातोडीने ठोकली जाते, आणि उमटलेला स्वर त्याच क्षणापासून विरू लागतो. या वाद्याला गावयास लावण्याचा मोह अनेकांना झाला. काउफमान यांनी त्याच्याकडून गाणे मागितले नाही असे नाही, परंतु त्याच्या आघाताची लाज मात्र कधी बाळगली नाही. आकाशवाणीची धून हातात आली तेव्हा त्यांनी ती पियानोवर बसविली नाही, व्हायोलिनला दिली, कारण शिवरंजनीच्या कोमल गंधारापर्यंत जी वाट घसरत जावी लागते ती पट्ट्यांवर नाही. हा साधा निर्णय मला त्यांच्या विवेकाचा सर्वांत मोठा दाखला वाटतो.

स्वर घसरू न देणाऱ्या पट्ट्यांचे करावयाचे काय, या प्रश्नाला दुसऱ्या एका उपेक्षित स्वरकाराने दिलेले उत्तर शेजारी ठेवल्याशिवाय हा विवेक पुरता समजणार नाही. जॉन फाउल्ड्स हे मँचेस्टरचे. त्यांच्या पत्नी मॉड मॅकार्थी या व्हायोलिनवादक व भारतीय संगीताच्या अभ्यासक होत्या. 1929 साली फाउल्ड्स यांनी पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ ही तीन भागांची रचना पूर्ण केली. वस्तुतः तो कॉन्चेर्टोच आहे, आणि विसाव्या शतकातील अत्यंत कठीण पियानो-रचनांत त्याची गणना करावयास हरकत नाही. तिचा पहिला भाग आरंभापासून अखेरपर्यंत एकाच सप्तस्वरी मेळात बांधलेला आहे. त्या मेळाबाहेरचा स्वर त्यात येत नाही, आणि वादकाच्या बोटांना इतकी धावपळ असूनही स्वरसमूह बदलत नाही. ज्याने कर्नाटक संगीतातील 72 मेळांचा विचार ऐकला आहे त्याला या शिस्तीचे मूळ सांगावे लागणार नाही. युरोपीय संगीतात एका स्वरकुलातून दुसऱ्यात जाणे हाच प्रवासाचा मार्ग. तो मार्ग बंद करून घेऊन केवळ लय, उंची आणि घनता यांच्या बळावर एवढा मोठा भाग उभा करणे हे असामान्य धाडस होय. मधल्या विलंबित भागात तर तंतुवाद्ये पाव स्वराच्या अंतराने सरकतात, आणि पियानोला ते करता येत नसल्याने तो आपल्या स्थिर स्वरांनी त्या सरकत्या पार्श्वभूमीवर उभा राहतो. पियानोची मर्यादा येथे लपविलेली नाही. तीच नाट्याचा विषय झाली आहे.

हेच फाउल्ड्स 1935 साली भारतात आले, दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले, आणि 1939 साली कलकत्त्यास पटकीने वारले. मृत्यूपूर्वी हार्मोनियमविरुद्ध त्यांनी जो तीव्र लेख लिहिला त्याचा प्रभाव इतका पडला, की मार्च 1940 पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला मज्जाव करण्यात आला आणि हा हुकूम सुमारे तीन दशके अंमलात राहिला. त्यांचा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नव्हता. पेटीच्या पट्ट्या समान अंतरावर बसविलेल्या असतात, त्यांत श्रुती सामावत नाहीत, मींड निघत नाही. हे कोण नाकारील? परंतु ज्या माणसाने आपल्या रचनेत पट्ट्यांच्या मर्यादेतून सौंदर्य निर्माण केले, त्याच माणसाने दुसऱ्या एका पट्टीवाद्याला त्याच मर्यादेसाठी दोषी ठरवावे, यात मला एक गंभीर विसंगती दिसते, आणि तिचा भुर्दंड मराठी कलावंतांनी सोसला.

कारण पट्ट्यांचे काय करता येते हे महाराष्ट्राने तोपर्यंत शोधून काढले होते. ‘मानापमान’ 1911 साली रंगभूमीवर आले, त्याच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचे थोर वादक, संगीत नाटकाच्या रंगमंचापुढे ऑर्गन बसला तो कायमचा, पुढे पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगावकर, अप्पा जळगावकर आणि पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी पेटीवर जे वैभव उभे केले, त्याचे रहस्य मींडीच्या अनुकरणात नाही. भात्याच्या दाबात, एक पट्टी सोडून दुसरी धरण्याच्या क्षणिक अंतरात, दाणेदार तानेत, आणि गायकाच्या स्वराची सावली धरण्यात ते आहे. ज्यांनी बोरकरांचा हात जवळून पाहिला आहे त्यांना आठवत असेल, की नाट्यपदाच्या पहिल्या आवर्तनाला करंगळी काळ्या पट्टीवर जराशी रेंगाळून मग पांढऱ्यावर उतरते, आणि तेवढ्या रेंगाळण्यातून मींडीचा भास निर्माण होतो. काउफमान, फाउल्ड्स आणि बोरकर यांचा प्रश्न एकच होता, आणि तिघांनी तो प्रामाणिकपणे सोडविला; पण तिघांना एकत्र मांडून पाहणारी समीक्षा मराठीत झाली नाही. आपली समीक्षा ख्याल आणि नाट्यगीत यांत मुरलेली आहे, बंदिशीच्या घडणीवर पानेच्या पाने लिहिण्याची तिची ताकद आहे, मात्र ज्या संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजतात तेथे ती गप्प बसते.

या गप्प बसण्याचे परिणाम पुढच्या पिढीलाही भोगावे लागले. गोव्याच्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल शिकले, यांनी 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात शंभराहून अधिक वादकांचा वृंद उभा करून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. त्यांत सारंग रागातील एक कॉन्चेर्टोही होता. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्या कार्यक्रमात गायले. एवढा मोठा प्रयोग झाला आणि विस्मृतीत गेला. त्याची सविस्तर समीक्षा, बाजूने किंवा विरुद्ध, मराठीत कोणी लिहिली असती तर निदान पुढच्याला आधार मिळाला असता.

आज स्थिती सुधारली आहे, पण ती मुंबईपुरती. राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राने 2006 साली स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद स्थापन केला आणि नरिमन पॉइंटला नियमितपणे कॉन्चेर्टो वाजू लागले. पुण्यात माझदा हॉलसारखी जागा आहे. आमच्या बाजूला, तळेगाव-चाकणपासून दापोडीपर्यंत, नाट्यगृहांची उणीव नाही. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे. तेथे नाटके होतात, भावगीतांचे कार्यक्रम होतात, शास्त्रीय मैफली होतात. चाकणला जर्मन मोटार कारखाने आल्यापासून तेथील अभियंत्यांच्या कुटुंबांतून आणि आमच्या मध्यमवर्गातूनही मुले-मुली पियानोच्या परीक्षा देऊ लागली आहेत, निगडी-प्राधिकरणात कीबोर्डचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत. ही मुले परीक्षेसाठी ठरलेल्या चार कृती बसवितात, प्रमाणपत्र घेतात, आणि दहावीच्या वर्षी बहुतेक जण वाद्य मिटवून ठेवतात. त्यांना कोणी सांगत नाही, की या वाद्यासाठी मुंबईत बसून लिहिणारा एक स्वरकार होऊन गेला, ज्याने आपल्या थाटांचा अभ्यास केला आणि तरीही पियानोला पियानोच राहू दिले.

म्हणून माझी एक ठोस सूचना आहे. काउफमान यांनी 1945 साली, म्हणजे मुंबईत असतानाच, ‘नवरत्नम्’ नावाची पियानो आणि छोट्या वृंदासाठी रचना केली. तिला पूर्ण सिंफनी वाद्यवृंद लागत नाही. मोरे प्रेक्षागृहाच्या रंगमंचावर ती सहज मावेल. त्यांचे कागदपत्र इंडियाना विद्यापीठाच्या संगीत-ग्रंथालयात जतन केलेले आहेत, आणि तेथे रीतसर अर्ज केल्यास लिखित संगीताची प्रत मागता येते. वादक मुंबई-पुण्याहून येतील. पूर्वार्धात संवादिनीचे एकल वादन ठेवावे, उत्तरार्धात ‘नवरत्नम्’, आणि पियानोच्या वर्गातील मुलांना पहिल्या रांगांत, वादकाचे हात दिसतील अशा डाव्या बाजूला बसवावे. महानगरपालिकेच्या किंवा एखाद्या कारखान्याच्या सांस्कृतिक खात्याने हे मनावर घेतले तर खर्च एका मोठ्या तिकीटबारीच्या नाटकाहून फार अधिक होणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर मराठीत लिहावयास मी तयार आहे.