नाव चुकले, की नकाशा चुकतो

माकूल, ऑक्टोपस अशा शीर्षपाद प्राण्यांच्या पिल्लांची ओळखपुस्तिका स्मिथसोनियन संस्थेने १९९२ साली प्रसिद्ध केली. काही मिलिमीटर लांबीची पिल्ले रंगपेशींची मांडणी आणि चूषक पाहून ओळखावीत, ही तिची शिस्त उत्तम आहे. पण जाळ्यात त्वचा खरवडली, की या खुणाच नाहीशा होतात. उष्णकटिबंधीय पूर्व पॅसिफिकमध्ये हम्बोल्ट माकूल आणि जांभळ्या पाठीचे माकूल दोन्ही आढळतात. दोघांच्याही पिल्लांत शिकार पकडणारे दोन बाहू जुळून सोंड झालेली असते. अनेकदा ती डीएनए तपासूनच वेगळी करावी लागतात. म्हणून प्रसाराचा नकाशा दाखवताना शिक्षकांनी आधी विचारावे : ही नावे कशावरून ठरवली? ‘ओळख पटली नाही’ ही प्रामाणिक नोंदही विज्ञानच आहे.