रेघ कुणाची?

पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारच्या पसाऱ्यात, अजूनही कधीतरी रूलिंग पेन हाती लागते. पोलादाची दोन निमुळती पाती, त्यांतली फट कमीजास्त करणारा एक स्क्रू आणि मूठ. एवढाच ऐवज. जुन्या ड्रॉइंग ऑफिसांविषयीच्या आठवणींत याचे गुणगान ठरावीक सुरात होते: त्या रेघेत माणसाचा हात होता, संगणकाने तो काढून घेतला. हे विधान मला तपासून पाहावेसे वाटते.

हे पेन शाईत बुडवायचे नसते. पात्यांच्या मधे शाईचा थेंब सोडायचा असतो. पात्याच्या बाहेरच्या अंगाला शाई लागली, की ती टी-स्क्वेअरच्या कडेखाली शिरते आणि तासांचे काम बिघडते. हात रेंगाळला तर रेघ जाड होते, घाई झाली तर बारीक. टोके झिजली, की तेलाच्या दगडावर घासून दोन्ही पाती सारखी करावी लागतात. इतके कसब कशासाठी? रेघेत हात दिसू नये यासाठी! दहा जणांनी काढलेले दहा नकाशे एकाच हाताचे वाटावेत, हीच या अवजाराची कसोटी होती.

यामागे व्यवहार होता. जॉन हर्शेलने १८४२मध्ये शोधलेल्या प्रक्रियेतून पुढे ब्लू प्रिंट आली. पारदर्शक ट्रेसिंग कापडावरची शाईची रेघ प्रकाश अडवते, म्हणून खालच्या कागदावर ती निळ्यात पांढरी उमटते. शाई फिकी पडली, की प्रकाश आरपार जातो आणि रेघ पुसट येते. साइटवरचा गवंडी ती पुसट प्रतच वाचणार असतो.

शिवाय रेघेची जाडी ठरवण्याचा अधिकार संगणकाच्या कितीतरी आधी हातातून सुटला होता. रोट्रिंगचे रॅपिडोग्राफ १९५३मध्ये आले. पुढे ०.२५, ०.३५, ०.५ अशी ठरलेल्या जाडीची पेने रुळली आणि स्क्रू फिरवून डोळ्याने जाडी जोखणे संपले. तेव्हा संगणकावरचा आरोप अर्धाच खरा आहे.

मग हरवले ते काय? शासकीय पदनामांत आरेखकाच्या खालोखाल ‘अनुरेखक’ येतो. दुसऱ्याने आखलेले शाईत गिरवणारा तो. जुन्या नकाशाच्या कोपऱ्यातील चौकटीत ‘ड्रॉन’, ‘ट्रेस्ड’, ‘चेक्ड’ असे रकाने असत. ‘ट्रेस्ड’समोरची दोन-तीन आद्याक्षरे ही त्या माणसाची बहुधा एकमेव खूण. संगणकावरच्या नकाशात गिरवणेच उरले नाही, त्यामुळे त्या रकान्याचे कामही संपले.

पुण्यात १८५४पासून अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. १९०३मध्ये खडकवासल्याला बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांशी इथेच शिकलेल्या विश्वेश्वरय्यांचे नाव जोडलेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण कल्पना साइटपर्यंत पोचायची ती गिरवलेल्या रेघेतून. आपण अभियंत्याचे नाव जपतो, आता अवजारही काचेच्या कपाटात मांडू लागलो आहोत. मधला माणूस मात्र दोन्हीकडून निसटतो. स्वतःला रेघेतून पुसून टाकणे हेच ज्याचे कौशल्य, त्याला इतिहासानेही पुसावे हा न्याय नव्हे.

म्हणून जुन्या नकाशांची सूची करणाऱ्यांकडे एकच मागणे आहे. विषय, वर्ष आणि अभियंत्याचे नाव यांच्या शेजारी ती आद्याक्षरेही उतरवून घ्या. पूर्ण नाव लागले नाही तरी चालेल.