बहुसंवेदी उपचार आणि सेरेब्रल पाल्सी : एका संकल्पनेची चिकित्सा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहान मुलांच्या पुनर्वसनासंबंधी लिहिताना अलीकडे ‘बहुसंवेदी उपचार’ हा शब्दप्रयोग फारसा विचार न करता वापरला जातो. मंद प्रकाशाची खोली, रंग बदलणारा बुडबुड्यांचा स्तंभ, प्रकाशतंतूंचे झुबके, संथ संगीत, सुगंध, निरनिराळ्या पोतांच्या चटया असे साहित्य मांडले की उपचार सुरू झाला, असा एक समज त्यामागे दिसतो. वस्तुतः या एका नावाखाली किमान दोन भिन्न विचारधारा एकत्र आल्या आहेत. त्यांचे उगम वेगळे आहेत आणि दावेही वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ झाल्यामुळे मुलाला नेमके काय मिळणार, हा मूळ प्रश्न बाजूला पडला आहे.

पहिल्या विचारधारेचा उगम नेदरलँड्समधील. तेथील एडे या गावाजवळच्या ‘डी हार्टेनबर्ग’ या संस्थेत 1970 च्या दशकात यान हुल्सेखे व आड व्हर्हूल यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी अशा खोल्या विकसित केल्या. ‘स्नूझेलेन’ हे त्यांचे नाव हुंगत फिरणे आणि डुलकी घेणे या अर्थांच्या दोन डच क्रियापदांच्या संयोगातून बनले आहे. नावातच या कल्पनेचा स्वभाव उघड होतो. विरंगुळा, सुख, मोकळेपणा आणि सोबतच्या माणसाशी जुळणारे नाते यांवर या दोघांचा भर होता. काही शिकवावे, एखादी शारीरिक क्षमता वाढवावी, हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. पुढे ही कल्पना अन्य देशांत गेली, तिच्याभोवती उपकरणांची बाजारपेठ उभी राहिली आणि विरंगुळ्याला ‘थेरपी’ हे नाव चिकटले. संकल्पनेचे हे स्थलांतर अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने तपासलेले नाही.

दुसरी धारा अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स यांची. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी संवेदी एकात्मतेचा सिद्धान्त मांडला, तो प्रामुख्याने अध्ययन-अडचणी असलेल्या मुलांच्या संदर्भात. स्पर्श, शरीराच्या तोलाची जाणीव आणि स्नायू-सांध्यांतून येणारी स्थितीची जाणीव यांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही तर वर्तन व अध्ययन विस्कळीत होते, असे त्याचे सूत्र. महत्त्वाची बाब अशी की आयर्स यांच्या पद्धतीत मूल स्वतः कृती करते; झोका त्याला दिला जात नाही, ते झोका घेते. प्रत्यक्षात मात्र तिचे नाव घेऊन पुष्कळदा निष्क्रिय उद्दीपनच दिले जाते.

म्हणून संवेदनांचा विचारच अप्रस्तुत ठरवावा काय? तसे करता येणार नाही. पीटर रोझेनबाऊम व सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्येत हालचाल व शरीरस्थितीच्या विकारासोबत संवेदन, आकलन, संज्ञापन आणि वर्तन यांतील अडचणींचाही स्पष्ट उल्लेख आहे. एका बाजूची दुर्बलता असलेल्या अनेक मुलांना डोळे मिटून हातातील वस्तू ओळखता येत नाही. स्नायूंत पुरेशी शक्ती असूनही असे मूल तो हात वापरत नाही, कारण त्या हाताकडून मेंदूला खात्रीची वार्ता मिळत नाही. मेंदूतील दृष्टिकेंद्रांना इजा झालेल्या मुलांची कथाही अशीच. डोळा निरोगी, पण पाहणे अवघड. तेव्हा संवेदना महत्त्वाची आहे यावर वाद नाही. वाद आहे तो ती मुलापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचावी यावर.

येथे रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांच्या 1963 च्या प्रसिद्ध प्रयोगाचे स्मरण उद्बोधक ठरते. अंधारात वाढवलेल्या मांजरीच्या पिलांच्या जोड्या त्यांनी एका फिरत्या यंत्राला जोडल्या. एक पिलू स्वतःच्या पायांनी चालत असे. दुसरे लहानशा पाळण्यात बसून त्याच्याच गतीने फिरवले जाई. दोघांच्या डोळ्यांसमोर येणारे दृश्य सारखेच होते. तरीही पृष्ठभाग जवळ येताच पंजा पुढे करणे, उंचीचा धोका ओळखून मागे सरणे ही कौशल्ये चालणाऱ्या पिलात आली, पाळण्यातल्या पिलात आली नाहीत. मांजरीवरून माणसावर थेट अनुमान काढणे धोक्याचे, हे मान्यच. पण प्रकाशखोलीत निजवून ठेवलेल्या बालकाची स्थिती त्या पाळण्यातल्या पिलाहून फारशी निराळी नाही, हे नाकारता येत नाही.

पुराव्यांचा कलही त्याच दिशेचा आहे. आयोना नोव्हाक व सहकाऱ्यांच्या 2013 च्या आढाव्यात 64 उपचार तपासून 131 निष्पत्तींना वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे श्रेणी दिल्या आहेत. हिरवा दिवा केवळ 21 निष्पत्तींना मिळाला. त्यांत सबळ हात बांधून दुर्बल हाताकडून काम करवून घेणे, दोन्ही हातांचा एकत्रित सराव, ध्येयनिष्ठ प्रशिक्षण, घरी करावयाचा नियोजित कार्यक्रम आणि खुब्याच्या सांध्याची नियमित तपासणी यांचा समावेश आहे. संवेदी एकात्मता लाल दिव्यात गेली. या यादीतील हिरव्या प्रशिक्षणपद्धतींत एक गोष्ट समान दिसते: मूल स्वतः, त्याला हव्या असलेल्या एखाद्या कामासाठी, पुनःपुन्हा प्रयत्न करते.

तथापि या आढाव्याचा आधार घेऊन संवेदी खोल्यांना कुलूप लावावे, असे म्हणणे घाईचे होईल. ज्या मुलाला मान सावरता येत नाही, ज्याचा दिवस ताठरपणा आणि वेदनेत जातो, त्याला अर्धा तास निवांतपणा लाभणे हे स्वतंत्र मूल्य आहे. हुल्सेखे आणि व्हर्हूल यांनी तेवढेच म्हटले होते, आणि तेवढे म्हणणे आजही ग्राह्य आहे. आक्षेप आहे तो ‘मूल रमले’ या नोंदीचे ‘मूल सुधारले’ या नोंदीत गुपचूप रूपांतर करण्यावर.

या रूपांतराची किंमत मुलाच्या वेळेत मोजावी लागते. योग्य चाचण्या वापरल्यास वयाच्या सहा महिन्यांपूर्वीही निदान शक्य आहे, हे 2017 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी दाखवून दिले. आपल्याकडे मात्र ‘पायगुण उशिराचा, चालेल हळूहळू’ असे म्हणत वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. त्यानंतरचे महिनेही निष्क्रिय उद्दीपनात गेले, तर मेंदूच्या घडणक्षमतेचा सर्वांत अनुकूल काळ हातचा जातो. सर्वाधिक तीव्र गटातील सुमारे 90 टक्के मुलांत खुबा सरकतो, असे ऑस्ट्रेलियातील 2006 च्या लोकसंख्याधारित अभ्यासात आढळले. तेथे एक साधे क्ष-किरण चित्र रंगीत दिव्यांपेक्षा अधिक निकडीचे असते.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा मुद्दा आर्थिकही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 साली पालघर येथून झाला आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना रुजली. पण तालुक्याच्या गावाहून तेथे येणाऱ्या आईचा अर्ध्या तासाच्या सत्रासाठी पूर्ण दिवस मोडतो, मजुरी बुडते ती वेगळीच. तिला महागड्या खोलीची नक्कल घरी करणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. अंघोळीपूर्वीचे तेल मूल स्वतःच्या दुबळ्या हाताने पोटाला चोळू शकते. परातीतल्या कणकेत बोटे रुतवणे, तांदळात लपवलेली वाटी न पाहता शोधणे, खुळखुळा आवडला म्हणून त्याच्याकडे कुशीवर वळणे, यांत स्पर्श, ध्वनी आणि हालचाल एकाच वेळी येतात आणि पुढाकार मुलाचा असतो. अर्थात हे आपोआप होत नाही. मुलाला कसे बसवावे, आधार कोठे द्यावा, किती थांबावे आणि मदत केव्हा काढून घ्यावी, हे उपचारतज्ज्ञाने आईला तिच्याच घरातील वस्तू घेऊन, तिच्याच बोलीत दाखवावे लागते. आठवड्याच्या अखेरीस मुलाने स्वतः किती वेळा हात पुढे केला, याची नोंद दोघींनी मिळून ठेवावी लागते.