पहिला दिवस आणि दुसरा दिवस : ‘दिवास्वप्न’मधील वर्गाध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना

प्राथमिक शाळेच्या भिंतीवरील साप्ताहिक वेळापत्रकात भाषा, गणित, परिसर अभ्यास, कला, खेळ यांच्या तासिका नेमलेल्या असतात. त्या तासिकांत मूल काय शिकते आणि त्यासाठी शिक्षकाला आधी काय शिकावे लागते, हे मात्र त्यावरून कळत नाही. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांची ‘दिवास्वप्न’ ही मूळ गुजराती कृती याच प्रश्नाला हात घालते. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी होत्या. त्यामुळे महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या परंपरेशी या कृतीचे नाते जवळचे आहे. प्रस्तुत लेखात या कृतीतील वर्गाच्या आरंभीच्या दिवसांचा चिकित्सक विचार केला आहे.

अपयशाचा दिवस

कृतीचा निवेदक शिक्षणाधिकाऱ्यांकडून इयत्ता चौथीचा वर्ग एका वर्षासाठी प्रयोगार्थ मागून घेतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ योजून येतो. दारे-खिडक्या बंद होतात आणि अंधारात मुले चित्रविचित्र आवाज काढू लागतात. योजना पार कोसळते. अखेर तो मुलांना घरी सोडतो आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांचे बोलही ऐकतो. घरी गेल्यावर तो मुलांना दोष देत बसत नाही. आपली योजनाच तपासतो. दुसऱ्या दिवशी तो राजाची गोष्ट सांगावयास आरंभ करतो आणि गोंगाट करणारा तोच वर्ग कान देऊन बसतो. गोष्ट पुढे ऐकण्याच्या ओढीने हजेरीसारखे रुक्ष कामही सुरळीत पार पडते.

या प्रसंगावरून ‘गोष्ट सांगा, म्हणजे वर्ग शांत होईल’ एवढाच बोध सामान्यतः घेतला जातो. तो अपुरा आहे. शांततेचा खेळ ही मुळात वाईट पद्धती नव्हे. माँटेसरी पद्धतीत तिला मानाचे स्थान आहे. मात्र ती या मुलांसाठी, या दिवशी अकाली होती. म्हणून या कृतीचा गाभा गोष्टीत नसून पहिला दिवस आणि दुसरा दिवस यांच्यामध्ये शिक्षकाने केलेल्या फेरविचारात आहे. गोष्ट हे त्या फेरविचाराचे फलित होय. फेरविचार वगळून केवळ गोष्ट उचलली, तर तीही उद्याची एक ठराविक तासिका होऊन बसेल.

कृतीच्या मर्यादा

या मांडणीला मर्यादाही आहेत. निवेदक स्वतःच प्रयोगकर्ता असल्याने यशाची साक्ष तोच देतो. मुले बहुधा समूह म्हणूनच दिसतात. दुसऱ्याच दिवशी वर्गात झालेला पालट वास्तवापेक्षा सुलभ वाटतो. शिवाय निवेदकाला अधिकाऱ्याचे पाठबळ आहे. सामान्य शिक्षकाला ते क्वचितच लाभते. कृतीचे शीर्षक जणू याची कबुलीच देते.

येथे तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’ (मूळ जपानी, १९८१) या आठवणींशी तुलना उद्बोधक ठरते. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे हे पुस्तक मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. त्यातील तोमोई शाळेत दिवसभराच्या सर्व विषयांचा अभ्यास सकाळीच फळ्यावर लिहिला जातो आणि प्रत्येक मूल आपल्या आवडीच्या विषयापासून आरंभ करते. तेथे वर्ग मुलीच्या डोळ्यांनी दिसतो. त्यामुळे एकेक मूल स्वतंत्रपणे उभे राहते, परंतु शिक्षकाची धडपड बव्हंशी पडद्याआड राहते. ‘दिवास्वप्न’मध्ये नेमकी तीच समोर येते. मर्यादा असूनही या कृतीचे महत्त्व टिकते, ते त्यामुळेच.

समारोप

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत इयत्ता पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास सांगितले आहेत. शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास निश्चित करताना त्यांत पूर्वतयारीचाही समावेश केला आहे. म्हणजेच पूर्वतयारी हा अध्यापनाचाच भाग असल्याचे कायद्याला मान्य आहे. भिंतीवरच्या वेळापत्रकात मात्र तिला चौकट नसते. इतर कामांच्या रेट्यात ती वेळ हिरावली गेली, तर बिघडलेल्या सोमवारनंतर तसाच मंगळवार उगवतो आणि त्याची किंमत मुले मोजतात. ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक पहिल्या दिवशी हरतो, पण ती हार समजून घेण्यास त्याला एक संध्याकाळ मिळते. प्रत्येक शिक्षकाला तशी संध्याकाळ मिळावी, ही अपेक्षा दिवास्वप्न ठरू नये.