‘इज’ एक, कामं चार

इंग्रजीतल्या ‘इज’ या क्रियापदाबद्दल आज बोलायचं आहे. चार वाक्यं घेऊ. ‘सॉक्रेटिस इज वाइज’: इथे व्यक्तीला गुण लावला. ‘द मॉर्निंग स्टार इज द ईव्हिनिंग स्टार’: इथे तादात्म्य आहे; पहाटे आणि संध्याकाळी दिसणारा तो तारा एकच, शुक्र. ‘देअर इज वॉटर इन द वेल’: इथे अस्तित्व. ‘अ व्हेल इज अ मॅमल’: इथे एका व्हेलविषयी नव्हे, तर सगळ्या जातीविषयी बोलणं आहे.

फ्रेगेने १८९२ मध्ये गुण सांगणारं ‘इज’ आणि तादात्म्य सांगणारं ‘इज’ वेगळं केलं. रसेलने १९१९ च्या ‘इंट्रोडक्शन टू मॅथेमॅटिकल फिलॉसॉफी’मध्ये तर या दोन्हींसाठी एकच शब्द वापरणं मानवजातीला लाजिरवाणं ठरवलं.

माझा आक्षेप ‘मानवजाती’ला आहे. रसेल पाहत होता इंग्रजीकडे, आणि दोषी ठरवलं सगळ्यांना! मराठीत आपण ‘पहाटेचा तारा म्हणजेच संध्याकाळचा तारा’ असं सहज म्हणतो. ‘सॉक्रेटिस म्हणजेच शहाणा’ असं म्हणत नाही. तादात्म्यासाठी ‘म्हणजे’ आपल्याकडे आहेच. नकार पाहा. ‘हा माझा भाऊ नव्हे’ आणि ‘मला भाऊ नाही’. पहिल्या वाक्यात आज ‘नाही’ही चालतं, पण ‘मला भाऊ नव्हे’ कधीच चालत नाही. अस्तित्वाचा नकार भाषेने वेगळा ठेवला आहे. आणि चौथं काम? त्याला ‘असतो’ आहे: ‘व्हेल सस्तन असतो’.

याचा अर्थ मराठी अधिक तर्कशुद्ध, असा काढू नका. ‘आहे’लाही अनेक कामं आहेत. ‘तो संध्याकाळी घरी असतो’ यातलं ‘असतो’ सवय सांगतं, जात नव्हे. शिवाय हिंटिकासारख्या तर्कज्ञाने असा प्रश्न केला की ‘इज’ खरंच अनेकार्थी आहे, की फरक आजूबाजूचे शब्द करतात? हा प्रश्न मला रास्त वाटतो. विहिरीचं वाक्य ऐकून कोणी पाणी आणि विहीर एकच समजत नाही.

मग नुकसान कुठे होतं? भाषांतरात. आपल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकांत ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या घोकलं जातं. आपण बोलताना म्हणतो, ‘माणूस मर्त्य असतो’. फरक क्षुल्लक नाही. ‘विनातिकीट प्रवासी दंडाला पात्र असतो’ हा नियम झाला. गाडीत असा एकही प्रवासी नसला तरी तो टिकतो. ‘विनातिकीट प्रवासी दंडाला पात्र आहे’ म्हटलं, की कोणीतरी पकडला गेलाय असं वाटतं. आधुनिक तर्कशास्त्र नेमकं हेच शिकवतं: सार्विक विधान त्या वर्गात कोणी आहे असा दावा करत नाही. विद्यार्थ्याला हे अवघड जातं, कारण ‘आहेत’ त्याच्या कानात उलटंच सांगत असतं. ‘असतात’ने सुरुवात केली, तर अर्धं काम त्याची भाषाच करेल.

म्हणून शिक्षकांना आणि भाषांतरकारांना माझी एवढीच विनंती: ‘इज’ दिसलं की लगेच ‘आहे’ लिहू नका. ते इथे कोणतं काम करतंय ते आधी विचारा. आणि ‘नव्हे’ जुनाट वाटतं म्हणून टाकून देऊ नका. दुसऱ्या भाषेतलं तत्त्वज्ञान आपल्या भाषेत आणताना हे शब्द लागतात.