निबंधाचे आठ गुण

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या प्रश्नपत्रिकेत शेवटचा प्रश्न प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखनाचा असतो. आपण सारे त्याला निबंधच म्हणतो. गुण आठ. या आठ गुणांवर पुढच्या प्रवेशाचे कितीसे अडते, हा प्रश्न शिक्षकखोलीत नेहमी निघतो.

हिशेब सोपा आहे. 2010 पासून दहावीच्या निकालात सहापैकी उत्तम पाच विषय धरतात. म्हणजे 500 पैकी 8, अवघे 1.6 टक्के, आणि मराठीच सहावा ठरला तर शून्य. पण परीक्षकाने सातऐवजी पाच दिले की 0.4 टक्के जातात, आणि गुणवत्ता यादीत तेवढ्या फटीत बरीच मुले दाटीने उभी असतात. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश 2025 पासून राज्यभर लागू झाले. वरणगावहून भुसावळच्या कॉलेजची आशा धरणाऱ्या मुलालाही आता ही फट दिसू लागली आहे.

मग ते दोन गुण खरे किती? वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे बनतात. तिथे एका तपासनिसाचे गेज दुसऱ्याच्या गेजाशी जुळले नाही तर माल पुढे जाणार नाही. आमच्या लाल पेनाला मात्र गेजच नाही. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी 1912 मध्ये इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी शंभरात 64 दिले, कोणी 98. गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी हसू नये. पुढच्याच वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका तशीच फिरवली, तेव्हा गुणांतील तफावत आणखी वाढली!

त्याच देशात सॅट या प्रवेशपरीक्षेत 2005 साली 25 मिनिटांचा निबंध आला. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी लगेच दाखवले, की लांब निबंधाला जास्त गुण पडतात; मजकुरातील माहिती चुकीची असली तरी बिघडत नाही. 2016 मध्ये तो ऐच्छिक झाला, 2021 मध्ये बंद. आपल्याकडे तर हा घोळ मुळातच टाळला आहे. सीईटीत 150 प्रश्न, नीटमध्ये 180. दोन्हींत एक वाक्यही लिहावे लागत नाही.

इथे आमचा आक्षेप आहे. निबंध तराजू म्हणून कच्चा आहे, हे मान्य. पण तराजू काढला की वर्गातून लेखनाचा तासही जातो. आजही तो अर्धा गेलेलाच आहे. मे महिन्याच्या वावटळीत आडवी झालेली केळीची बाग आणि हतनूरचे दरवाजे उघडल्यावर फुगलेली तापी डोळ्यांनी पाहिलेली मुले गाइडमधले समुद्रकाठचे वर्णन पाठ करून लिहितात. आणि आम्ही त्याला सात देतो, कारण त्यात शुद्धलेखनाच्या चुका नसतात.

एक प्रयोग करून पाहावा. एकाच निबंधाच्या पाच झेरॉक्स काढाव्यात, नाव झाकावे, पाच शिक्षकांना द्याव्यात. गुण वेगळ्या चिठ्ठीवर लिहावेत, म्हणजे एकाचे दुसऱ्याला दिसणार नाहीत. चिठ्ठ्या उघडल्यावर जे भांडण होईल, त्यातूनच पाच गुणांचा निबंध म्हणजे काय हे ठरेल. पाचांत एक विज्ञानाचा शिक्षक जरूर असावा. करपा पडलेल्या केळीच्या पानाचे वर्णन मुलाने पाहून केले की पाठ करून, ते त्याला पहिल्या चार ओळींत कळेल.